व्यभिचारी भाव

माझ्या नवऱ्याच्या तोंडून ‘व्यभिचारी’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हेल्मेट अजून हातातच होतं, आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू कारखान्यातलं बंद पडलेलं यंत्र त्यांनी एकट्याने चालू केलंय.

“तुला माहितीये,” ते म्हणाले, “मत्सर हा स्थायीभाव नाहीच. तो व्यभिचारी भाव आहे.”

“कोण म्हणतं?”

“बाई म्हणाल्या.”

तव्यावरची पोळी फुगली होती, ती मी उलटायची विसरले.

हे अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत प्रॉडक्शन ऑफिसर होते. सगळी नोकरी त्यांनी तिथेच काढली. शिक्षण मराठी माध्यमातून, पुढे डिप्लोमा. वाचन म्हणजे पेपर आणि मशीनबरोबर येणारी माहितीपत्रकं. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक जुनी इंग्रजी शोकांतिका असायची. एक पराक्रमी सेनापती हाताखालच्या माणसाच्या कुजबुजीवर विश्वास ठेवतो, एका हरवलेल्या रुमालावरून बायकोवर संशय घेतो आणि शेवटी तिला पलंगावरच गुदमरवून मारतो. हे नाटक मी इतकी वर्षं शिकवलं की त्यातले उतारेच्या उतारे मला पुस्तक न उघडता म्हणता यायचे. मग अभ्यासक्रम बदलला आणि नाटक गेलं. त्या वर्षी जूनमध्ये कपाटातून ते पुस्तक काढलं नाही तेव्हा मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. घरी मी तसं म्हटलंही. हे म्हणाले, “बरं झालं, तुझा ताण कमी झाला.”

निवृत्तीनंतर हे एका मित्राबरोबर अंबरनाथला रविवारच्या वाचनवर्गाला जायला लागले. संस्कृतच्या एक निवृत्त शिक्षिका स्वतःच्या घरी तो वर्ग घ्यायच्या. मला बरंच वाटलं. आमचा बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातला फ्लॅट लहान. दिवसभर घरात बसलेला नवरा त्यात फार मोठा दिसतो. पण एका रविवारी जेवताना हे म्हणाले, “आता आम्ही एक इंग्रजी नाटक घेतलंय. मराठी भाषांतर आहे, पण बाई ते आपल्या रससिद्धांतातून समजावून देतात. फार भारी गोष्ट आहे. म्हणजे बघ, एक सेनापती असतो...”

आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. पहिल्यापासून, सगळी. मला.

मी ऐकून घेतली. मध्ये एकदा भात वाढला. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं असं नाही, शेवटी म्हणाले, “तू शिकवायचीस तेच ना हे?” मी “हो” म्हटलं. ते म्हणाले, “पण बाईंचं काही वेगळंच आहे.”

तेव्हापासून माझ्या पोटात काहीतरी आंबायला लागलं. दुसऱ्या बाईवर जळण्याची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. कारखान्यात बायका फारशा नव्हत्या आणि ह्यांचा स्वभाव असा की लग्नसमारंभातसुद्धा पुरुषांच्या पंक्तीत बसून पंपांविषयी बोलायचे. आता ते शनिवारी संध्याकाळी शर्टाला इस्त्री करायचे. कागदावर पेन्सिलीने खुणा करायचे. आंघोळीला जाताना ‘विभाव, अनुभाव, संचारी’ असं पुटपुटायचे. मला कोणी विचारलं असतं की नवऱ्याने एखाद्या बाईबरोबर सिनेमाला गेलेलं चालेल की तुझं नाटक वाचलेलं, तर मी सिनेमा म्हटलं असतं.

त्यात तो डबा आला. स्टीलचा, चपटा, झाकणावर बाईंच्या आडनावाचं पहिलं अक्षर कोरलेलं. त्यात कारल्याच्या काचऱ्या होत्या. आमच्या घरात कारलं शिजत नाही, कारण ह्यांना त्याचा वाससुद्धा चालत नाही. मी विचारलं, “हे कोण खाणार?”

“मी खाल्ल्या तिथे. चांगल्या लागतात.”

मी डबा घासला. पुसला. पुन्हा घासला. रुमालावरून बायकोचा जीव घेणाऱ्या त्या सेनापतीविषयी मुलं मला दरवर्षी विचारायची, “मॅडम, एवढ्याशा गोष्टीवरून कोणी असं करतं का?” मी त्यांना बरीच उत्तरं दिली होती. सिंकपाशी उभी राहून मला वाटलं, त्यांतलं एकही धड नव्हतं.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, “मीपण येते.”

हे क्षणभर गप्प झाले. ते गप्प होणं मी नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, “ये की. मागे बस, हेल्मेट घे.”

मनात मी जी बाई रंगवली होती ती चांगली पन्नाशीच्या आतली, ताठ, गोड गळ्याची होती. दार उघडलं ते सत्तरीच्या, ठेंगण्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईंनी. चष्म्याला दोरी, केस अगदी बारीक कापलेले. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, “या, तुमच्याविषयी खूप ऐकलंय,” आणि हे माझ्याआधी आत जाऊन सरावाने पंख्याखालच्या खुर्चीत बसले, तेव्हा मला कळलं की वयाचा ह्याच्याशी संबंध नाही. तरुण बाई असती तर निदान भांडता आलं असतं.

शिवमंदिराच्या बाजूला तळमजल्यावरचं ते घर. सहासात माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. उल्हासनगरच्या कापडबाजारातले एक सिंधी शेठ होते. दुकान मुलांना देऊन मोकळे झालेले. बाई रुमालाचा प्रसंग शिकवत होत्या. शेठनी हात वर केला.

“बाई, एक सांगा. रुमाल कॉटनचा होता की सिल्कचा?”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. “रेशमी. त्यावर लाल फळांचं भरतकाम.”

“फिर ठीक है,” शेठ म्हणाले. “कॉटनचा असता तर कोण लक्षात ठेवतो?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “आणि म्हणूनच तो उद्दीपन विभाव आहे. जाळ आधीच आत असतो. रुमाल फक्त फुंकर घालतो. चंद्र, वारा, फुलं, तसाच रुमाल. चंद्र कुणाला प्रेमात पाडत नाही, पडलेल्याला छळतो.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते मान हलवत होते. माझ्या डोळ्यांसमोर तो चपटा डबा आला आणि ह्या बाईंनी माझं मन वाचलं की काय अशी मला भीती वाटली.

मग त्या मत्सराकडे वळल्या. आपल्या शास्त्रात मनाचे काही भाव कायमचे मुक्कामाला असतात: प्रेम, शोक, क्रोध, भय असे. ते स्थायी. आणि काही येतात-जातात, लाटांसारखे: शंका, असूया, चिंता, लाज. ते व्यभिचारी. त्यांचं काम मुख्य भावाला पुढे नेण्याचं. “सेनापतीचा स्थायीभाव आहे रति. त्याचं बायकोवर प्रेम आहे, हे विसरू नका. शंका आणि असूया पाहुण्या म्हणून येतात. आल्या तशा जायला हव्यात. ह्या नाटकात त्या जात नाहीत. त्या घराचा ताबा घेतात. माझ्या मते शोकांतिका तिथे आहे, रक्तात नाही.”

ते मला आवडलं. इतकी वर्षं मी शिकवत होते की नायकाच्या स्वभावात एक दोष असतो आणि त्या दोषापायी तो कोसळतो. हे त्याहून चांगलं होतं आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

“पण आपल्याकडे संस्कृत नाटकांत रंगमंचावर वध दाखवायला परवानगीच नव्हती,” मी म्हटलं. “मग ज्या नाटकाचा शेवटच वध आहे, ते त्या मापाने कसं मोजणार?”

“मोजायचं कुठे आहे?” बाई म्हणाल्या. “चाखायचं आहे. बरं, मला एक सांगा. तुम्ही इतकी वर्षं हे शिकवलंत. शिकवताना तुम्हाला त्या सेनापतीचा राग यायचा की कीव यायची?”

“दोन्ही नाही,” मी म्हणाले. “मला त्याचं पटायचं.”

हे वळून माझ्याकडे पाहायला लागले.

“म्हणजे मारणं नाही,” मी घाईने म्हटलं. “संशय आला की माणूस पुरावा शोधायला लागतो, ते पटायचं.”

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. “मग तुम्हाला एक अडचण येत असणार. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात अडकलेला असेल तर रस निर्माण होत नाही. समोरचं दुःख माझं नाही, शत्रूचं नाही, परक्याचंही नाही. नुसतं दुःख आहे, अशी जागा सापडावी लागते. तीच साधारणीकरणाची जागा. फार थोड्यांना सापडते. तुमच्या मिस्टरांना सापडते बरं का. त्या दिवशी वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.”

माझ्या मिस्टरांच्या डोळ्यांत पाणी मी सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं. त्यानंतर नाही. आणि ते पाणी अंबरनाथला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ह्या बाईंसमोर आलं होतं. घरी येताना मागच्या सीटवर मी त्यांना धरलं नाही, गाडीचं मागचं कडं धरलं.

दिवाळीनंतर शेठनी सगळ्यांना वांगणीला बोलावलं. तिथे त्यांचं फार्महाऊस होतं: दोन खोल्या, ओटा, चिकूची झाडं आणि पलीकडे कापणी झालेली शेतं. ओट्यावर बसून नाटकातला तो लांबलचक प्रवेश वाचायचा होता, ज्यात हाताखालचा माणूस सेनापतीच्या कानात विष ओततो. सेनापतीची भूमिका हे वाचणार होते. दुसरी भूमिका एका निवृत्त बँकवाल्यांकडे होती, पण त्यांचा घसा बसला होता.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही वाचाल?”

“मी?”

“हो. तुम्हाला तर पाठ असेल.”

मला खरंच पाठ होतं. त्या प्रवेशाची गंमत अशी आहे की तो माणूस काहीच सांगत नाही. तो फक्त अर्ध्यावर थांबतो. ‘काही नाही,’ म्हणतो. समोरच्याचाच शब्द प्रश्न करून परत देतो. मी वर्गात हा प्रवेश वाचायचे तेव्हा मुलं पुढे सरकून बसायची. पण तेव्हा मी दोघांचंही वाचायचे. आता समोर माझा नवरा बसला होता.

मी सुरुवात केली. पहिल्या काही वाक्यांत हे नेहमीसारखे वाचत होते, जरा मोठ्याने, शिफ्टला सूचना दिल्यासारखे. मग मी एका ठिकाणी थांबले. भाषांतरात तिथे थांबण्याची खूण नव्हती. मी कागदावरून नजर उचलली आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले त्याला कुठे दुखतं ते मला माहीत होतं. मी आवाज खाली आणला. सगळं हळू, प्रेमाने, त्यांच्या भल्यासाठी बोलल्यासारखं वाचलं. बायकांवर कोण भरवसा ठेवतो, शिकलेल्या बायका काय काय लपवतात, अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. ह्यांचा आवाज बदलला. एका वाक्यावर तो फाटलाच. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला. मी थांबले असते तर कोणी काही म्हणालं नसतं. मला थांबायचं नव्हतं. बरं वाटत होतं, खोटं का बोलू.

प्रवेश संपला तेव्हा शेठ म्हणाले, “अरे बाप रे, मॅडम!” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी वाजवल्या नाहीत. जेवणाची पानं मांडायला सगळे उठले तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या, एक हात गुडघ्यावर ठेवून हळूच म्हणाल्या, “सुंदर वाचलंत. पण रस नव्हता त्यात. नुसता भाव होता.”

“म्हणजे?”

“ते तुम्हाला माहितीये,” त्या म्हणाल्या आणि पापड भाजायला गेल्या.

मला त्यांचा इतका राग आला की मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. राग त्यांनी ओळखलं म्हणून आला, बरोबर ओळखलं म्हणून आला, आणि ह्यांनी ओळखलं नव्हतं म्हणून सगळ्यात जास्त आला.

परत येताना बदलापूरच्या अलीकडे रस्त्याकडेच्या टपरीपाशी ह्यांनी स्कूटर थांबवली. “चहा घे. काही खाल्लं नाहीस.” आम्ही बाकड्यावर बसलो. समोर नव्या इमारतींच्या बांबूच्या परांच्या उभ्या होत्या. ह्यांनी कपातली साय बोटाने बाजूला केली.

“तू आज मला घाबरवलंस,” ते म्हणाले.

“नाटक होतं.”

“हो का?”

मी सरळच विचारलं, “मला का नाही विचारलंत? घरात शिकवणारी बाई बसलेली असताना अंबरनाथला जाऊन शिकायची काय गरज होती?”

त्यांनी कप खाली ठेवला. “मी तुला न्यायला यायचो, आठवतं? शनिवारी. कंपनीतून लवकर सुटायचो तेव्हा.”

“आठवतं.”

“गेटपाशी थांबायचो. तुझा वर्ग वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. खिडक्या उघड्या असायच्या. तुझा आवाज यायचा. मला काही कळायचं नाही. इंग्रजी, त्यातही जुनं. पण त्या बाईचं मरण तू वाचायचीस ना, ते कळायचं. तेव्हा तुझा आवाज जो व्हायचा, तो आपल्या घरात मी कधी ऐकला नाही. मग तू खाली यायचीस आणि म्हणायचीस, दूध घेतलंत का.”

मी माझा कप खाली ठेवला.

“मी जळायचो,” ते म्हणाले.

“कोणावर?”

“कोणावर काय? त्या पुस्तकावर.” ते हसले नाहीत. “एकदा तर वाटलं, कपाटातून काढून रद्दीत घालावं.”

“मग विचारायचं होतं मला. मी सांगितलं असतं सगळं.”

“तू शिकवलं असतंस,” ते म्हणाले. “तेच तर. मला तुझ्या वर्गात बसायचं नव्हतं. मला तुझ्याशी बोलायचं होतं. त्यासाठी आधी कुठूनतरी थोडं शिकून यायला हवं होतं. बाईंचं संस्कृत-मराठी मला झेपलं. म्हणून तिकडे गेलो. घरी येऊन तुला सांगायचो, तर तू पोळ्या लाटत राहायचीस.”

टपरीवाल्याने कप उचलून नेले. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की आतलं सगळं विरघळून जाईल. तसं झालं नाही. उलट एक नवीनच गोष्ट झाली. खिडकीतून ज्या बाईचा आवाज हे इतकी वर्षं गेटपाशी उभं राहून ऐकत होते, ती बाई मीच. पण तिचा मला हेवा वाटला. तिला असा ऐकणारा होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मला पत्ता लागला तेव्हा नाटक अभ्यासक्रमातूनच गेलं होतं.

“तुम्ही वर का नाही आलात कधी?” मी विचारलं.

“कंपनीचा युनिफॉर्म असायचा,” ते म्हणाले. “वास यायचा त्याला.”

त्या दिवशी उरलेल्या रस्त्याला मी त्यांना धरून बसले. शर्टाला इस्त्रीचा वास होता.

नंतरचे काही रविवार आम्ही दोघं गेलो. घरीही वाचायला लागलो. मी इंग्रजी वाचायचे, ते त्याच ओळी मराठीत. आमचं भांडणही व्हायचं. त्यांचं म्हणणं, शेवटचा अंक करुणरसाचा. माझं म्हणणं, बीभत्साचा. झोपलेल्या माणसाला मारण्यात करुण काय आहे? ते म्हणायचे, मारण्याआधी तो तिचा वास घेतो, तिचं चुंबन घेतो, ते बघ. मी म्हणायचे, तेच तर बीभत्स. एकदा हे वाद घालता घालता गॅस बंद करायला विसरले आणि दूध उतू गेलं, आणि आम्ही दोघांनीही एकमेकांवर ढकललं.

शेवटचा अंक बाईंच्या घरी झाला. सेनापती अर्थातच हे. बायकोच्या भूमिकेसाठी बाई मला म्हणाल्या, “तुम्ही वाचा.” मला वाचायचं होतं. पण वांगणीचं त्यांचं वाक्य अजून टोचत होतं, आणि त्यांची परीक्षा पुन्हा द्यायची नव्हती. मी म्हटलं, “आज मी ऐकते.” मग ती भूमिका बाईंनीच घेतली.

पहिली पाच मिनिटं मी फक्त त्या दोघांना बघत होते. सत्तरीच्या बाई कोवळ्या बायकोचं वाचत होत्या आणि माझा नवरा त्यांच्याकडे पाहून प्रेमाचे शब्द म्हणत होता. मला उठून जावंसं वाटत होतं. मग कधीतरी, कुठल्या ओळीला ते सांगता येणार नाही, मला त्यांचे चेहरे दिसेनासे झाले. पंख्याचा आवाज गेला. एक माणूस ज्या बाईवर जीव टाकतो तिलाच मारायला आलाय, आणि ती त्याला थोडा वेळ मागतेय, अर्धा तास, एका प्रार्थनेपुरता, एवढंच उरलं. मी ते शेकडो वेळा वाचलं होतं, वाचताना आवाजही भरून आला होता. पण वर्गात वाचताना एक डोळा नेहमी घड्याळावर असायचा. असं नुसतं बसून मी ते कधीच ऐकलं नव्हतं. मी रडत होते. कोणासाठी ते मला माहीत नव्हतं; माझ्यासाठी नाही, एवढं नक्की.

वाचन संपलं. शेठनी नाक शिंकरलं. मी डोळे पुसून वर पाहिलं, तर बाईंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हे उठून माठातलं पाणी पेल्यात घेऊन त्यांना देत होते. अदबीने, दोन्ही हातांनी. मी खुर्चीतच होते. माझे डोळे त्यांना दिसले नव्हते. सगळं पुन्हा होतं तिथे येऊन बसलं. पोट, डबा, कारलं, सगळं.

मी उठले, स्वतःचं पाणी स्वतः घेतलं आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसले.

“आज?” त्यांनी विचारलं.

“थोडा वेळ,” मी म्हटलं. “नंतर गेला.”

“जातोच,” त्या म्हणाल्या. “रस तेवढाच टिकतो.”

घरी येताना उड्डाणपुलाच्या चढावर मी ह्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “हा अंक एकदा पुन्हा वाचायचा. त्या बायकोचं मी वाचणार.”

“बाईंना विचारतो,” ते वाऱ्यातून ओरडून म्हणाले.

“विचारायचं नाही,” मी म्हटलं. “आपल्या घरी वाचायचा. दोघांनीच.”